एकोणनव्वदावा दिवस

बाईंनी तिसऱ्या पेन्सिलीला टोक काढलं, तळहातावर टोचून पाहिलं आणि तिन्ही पेन्सिली शिलाई मशीनच्या झाकणावर ओळीने मांडल्या. न्यायालयातली नोकरी सोडून चार वर्षं झाली होती. तरी साहेब येणार म्हटल्यावर हात आपोआप कामाला लागले, आणि त्या हातांचाच त्यांना राग आला.

दाराजवळच्या खुर्चीवर धाकटा सकाळी सहापासून बसून होता. दाढी केलेली, बुटांच्या नाड्या घट्ट बांधलेल्या, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत टॉवेल, साबण, एक धुतलेला सदरा आणि चष्म्याची डबी.

"चहा टाकू का रे तुला?"

"नको, ताई. बोलावतील एवढ्यात."

बाईंनी मान डोलावली. आज एकोणनव्वदावा दिवस होता. संध्याकाळपर्यंत तो असाच बसणार होता आणि दिवे लागले की उठून आतल्या कॉटवर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपणार होता. घरी आल्यापासून आठ वर्षं दर एकोणनव्वदाव्या दिवशी हे असंच चाललं होतं. मधले अठ्ठ्याऐंशी दिवस तो बरा असे. भाजी आणी, वर्तमानपत्र वाची, शेजारच्या मुलीला भूगोल शिकवी. पूर्वी तो भूगोलाचाच शिक्षक होता.

साहेबांनी फोनवर "कधी येऊ?" असं विचारलं तेव्हा बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहून शुक्रवार सांगितला होता. खरं तर त्यांना गुरुवार चालला असता, शनिवारही चालला असता.

खालून काठीचा आवाज आला. लिफ्ट बंद होती आणि मजले तीन. पूर्वीच्या बाई धावत खाली गेल्या असत्या, हातातली फाइल घेतली असती. आज त्या जागच्या हलल्या नाहीत. काठी दर पाचव्या पायरीवर थांबत होती. थांबू दे, म्हणाल्या त्या मनात, अजून चौतीस पायऱ्या आहेत.

साहेब आत आले ते धापा टाकत. दाराशी धाकट्याची खुर्ची अर्धी आडवी होती, तिला वळसा घालून त्यांना अंग चोरून यावं लागलं. धाकट्याने त्यांच्याकडे पाहिलं, पिशवी जवळ ओढली आणि पुन्हा समोर नजर लावली.

"कुठे निघालेत हे?" बसता बसता साहेबांनी विचारलं.

"आदेशाची वाट बघतोय तो."

"बदलीच्या वाटतं?"

"तसंच काहीसं."

साहेबांच्या पुढ्यात शिलाई मशीनच होतं, म्हणून बाईंनी चहाचा कप त्याच्यावरच ठेवला. झाकणाखालच्या खणात, बॉबिनी आणि रिळं यांच्या खाली, अकरा वर्षांपासून एक वही होती.

"तुमच्या हातचा चहा," साहेब म्हणाले. "चेंबरमध्ये रोज चार वाजता द्यायचात. विसरलो नाही मी."

बाईंनी चेंबरमध्ये कधी चहा केला नव्हता. तो शिपाई करायचा.

न्यायालयाच्या घुमटावर वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा होता. टंकलेखन कक्षात साहेबांचं नाव त्याच्यावरून पडलं होतं. पण ते नंतर पडलं. आधीची कित्येक वर्षं साहेबांच्या नावाने कक्षातल्या बायका माना ताठ करायच्या, आणि सगळ्यात ताठ मान बाईंची असायची. साहेब न अडखळता निकाल सांगत, बाई न अडखळता घेत, आणि दर पानाच्या शेवटी साहेब डोळे मिटून म्हणत, "वाचा." मग बाई लघुलिपीतून सगळं जसंच्या तसं वाचून दाखवत. टंकलेखनात त्यांची कधी चूक निघाली नव्हती. प्रत्येक पानाच्या खाली डाव्या कोपऱ्यात टंकलेखकाने आपली दोन आद्याक्षरं घालायची, म्हणजे चूक निघाली तर कुणाला धरायचं ते कळावं, अशी तिथली पद्धत. बाईंची ती दोन अक्षरं वकिलांनाही पाठ होती.

तेव्हाचं सरकार माणसं आत टाकत सुटलं होतं. राज्यघटनेत लिहिलं होतं की सार्वजनिक सुरक्षेसाठी कुणालाही खटला न भरता नव्वद दिवस ठेवता येईल, त्यापुढे एक दिवसही नाही. सरकारने त्यावर तोड काढली. एकोणनव्वदाव्या दिवशी पहाटे माणसाला उठवायचं, सामान घ्यायला लावायचं, फाटकाजवळच्या कचेरीत दिवसभर बसवून ठेवायचं आणि संध्याकाळी नवा आदेश वाचून दाखवून परत कोठडीत पाठवायचं. नवा आदेश, नवे नव्वद दिवस. एक पत्रक छापलं म्हणून धाकटाही आत गेला होता. त्याच्यासारख्या बासष्ट जणांचा अर्ज साहेबांच्या पीठापुढे आला. तिघांच्या पीठात एक न्यायाधीश सरकारच्या बाजूने, एक विरुद्ध. मधला काटा साहेबांच्या हातात होता.

बाई सासरचं आडनाव लावत. त्यामुळे अर्जदार क्रमांक सत्तेचाळीस हा साहेबांच्या लघुलेखिकेचा सख्खा भाऊ आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना त्या खोलीतून हलवलं असतं. त्या गप्प राहिल्या.

मंगळवारी साहेबांनी निकाल सांगितला. नव्वद दिवस म्हणजे नव्वद दिवस, सर्वांना सोडून द्या. लिहिताना बाईंच्या पेन्सिलीचं टोक तुटलं, आयुष्यात पहिल्यांदाच. गुप्ततेची शपथ मोडून त्यांनी संध्याकाळी स्वयंपाकघरात, पायातल्या चपलाही न काढता, आईला सांगितलं की शनिवारी तो घरी येतोय. आईने दुसऱ्या दिवशी त्याची गादी उन्हात टाकली.

गुरुवारी कायदामंत्री चेंबरमध्ये येऊन गेले. वीस मिनिटं, एक कप चहा. शुक्रवारी सकाळी साहेब म्हणाले, "बाई, नवी वही घ्या." आणि उलटा निकाल सांगितला. बाईंनी तोही घेतला, एक शब्द न गाळता, आणि टंकलिखित करून दिला. महिन्याभरात साहेब मुख्य न्यायाधीश झाले. धाकटा त्यापुढे आणखी तेरा आदेश भोगून घरी आला, तोवर आई गेली होती आणि गादी तशीच गुंडाळलेली होती. धाकट्याला बाईंनी सांगितलं की त्या वर्षी आपण दुसऱ्या कक्षात होतो. तो गादी उलगडत राहिला.

निकालावर सह्या झाल्या की लघुलिपीच्या वह्या मोजून फाडायला द्यायच्या, असा नियम. त्या शनिवारी बाईंनी मंगळवारच्या वहीच्या जागी सरावाची वही दिली, क्रमांकाची चिठ्ठी काढून तिच्यावर डकवून. खरी वही पदराखालून घरी आली. कधीतरी हिच्यातली पानं या माणसाच्या तोंडावर वाचून दाखवायची, एवढ्यासाठी त्या जगत होत्या. निरोप समारंभात, भर सभेत, त्याच्या मुलीच्या लग्नात हार घालून उभा असताना. दर वेळी त्या ठरवत आणि दर वेळी वाटे, अजून नको, अजून वर चढू दे, म्हणजे पडताना लागेल. द्वेष इतका जपून ठेवला होता त्यांनी की वापरायलाच जीव होत नव्हता.

"बाई, एक काम होतं," साहेबांनी कप खाली ठेवला. "नवं सरकार राज्यघटना फेरविचार आयोग नेमतंय. सोमवारी अध्यक्ष जाहीर होतील. माझं नाव पुढे आहे."

"अभिनंदन, साहेब."

"पण अडलंय. आता वर बसलेत त्यांतले निम्मे तेव्हा आत होते. म्हणतात, हाच ना तो नव्वद दिवसवाला? मी सांगितलं, अहो, मी पहिला निकाल तुमच्याच बाजूने दिला होता. लघुलेखिका साक्षीला आहे. तर म्हणाले, कागद दाखवा." ते पुढे झुकले. "ती मंगळवारची वही. तुम्ही साधा रबरबँडसुद्धा टाकून देत नव्हता."

ज्या वहीने या माणसाचं तोंड काळं करायचं, तीच वही तो प्रशस्तिपत्र म्हणून मागायला आला होता. अकरा वर्षांत त्यांनी शंभर प्रसंग मनात रंगवले होते, त्यात हा नव्हता.

"ती फाडली, साहेब. नियमच होता. नष्ट केल्याच्या दाखल्यावर तुमचीच सही आहे."

खणाची कड त्यांच्या गुडघ्याला लागत होती.

साहेबांचा चेहरा उतरला. थोडा वेळ ते काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत बसले.

"एक विचारू?" बाई म्हणाल्या. "गुरुवारी मंत्री काय म्हणाले होते?"

"काही नाही. अगदी खरं सांगतो. हवापाण्याच्या गप्पा. जाताना एवढंच म्हणाले की देश कठीण काळातून जातोय, आणि पुढच्या महिन्यात मुख्य न्यायाधीशांची खुर्ची रिकामी होतेय. याला काही दबाव म्हणता येणार नाही." साहेब खरोखरच आठवत होते. "मग मी घटना परत काढून वाचली. आणि बाई, शब्द तेच होते, पण मला ते वेगळे दिसायला लागले. अगदी प्रामाणिकपणे वेगळे दिसले."

"आणि आता?"

"आता पुन्हा पहिल्यासारखे दिसतात."

हे बोलताना त्यांना हसू आलं नाही की लाजही वाटली नाही. बाईंना वाटलं, खोटं बोलणारा माणूस परवडला असता.

"मग असं करू," साहेब म्हणाले. "मी सांगतो, तुम्ही घ्या. एखादी जुनी वही असेलच घरात. तुमची लिपी तुमच्याशिवाय कुणाला वाचता येत नाही. टंकलिखित करून प्रतिज्ञापत्र जोडू. आपण खोटं काही करत नाही आहोत, होतं तेच परत लिहितोय. पेन्सिली तर तुम्ही काढूनच ठेवल्यात."

बाईंनी पेन्सिल उचलली. "सांगा."

साहेबांनी डोळे मिटले. "राज्यघटनेने नागरिकाला दिलेले संरक्षण मोलाचे आहे, यात शंका नाही. तथापि प्रत्येक आदेश हा स्वतंत्र आदेश असल्याने त्याची मुदत त्या आदेशापासूनच..." ते सफाईने सांगत गेले. पान संपलं. "वाचा."

बाईंनी वाचून दाखवलं, चढउतार न करता, चेंबरमध्ये वाचायच्या तसं. 'स्वतंत्र आदेश'पाशी साहेबांनी डोळे उघडले.

"हे नव्हे. हे दुसऱ्यातलं आलं."

"हो, साहेब."

"परत घ्या." त्यांनी कपाळ दाबलं. "राज्याची सुरक्षितता कशात आहे, हे जाणण्याची साधने न्यायालयाकडे नसतात..." आणि आपले आपणच थांबले. "हेही दुसऱ्यातलंच."

तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं तोंड उघडलं. काहीच आलं नाही. बासष्ट माणसांना सोडणारा निकाल त्यांनी एकदा न अडखळता सांगितला होता आणि त्यातलं एक वाक्य त्यांच्यापाशी उरलं नव्हतं. बाईंनी पेन्सिल कागदावर टेकवून तशीच धरली, जितका वेळ लागेल तितका वेळ. असं सुख त्यांना कित्येक वर्षांत लाभलं नव्हतं.

"तुम्हाला काही आठवतं का हो?" शेवटी साहेबांनी विचारलं. आवाज म्हातारा झाला होता.

"शेवटचा परिच्छेद आठवतो. घरी सांगितला होता मी त्या दिवशी."

त्यांनी कोरा कागद घेतला आणि साध्या अक्षरात, खाडाखोड न करता, आठ ओळी लिहून दिल्या. साहेबांनी चष्मा बदलला. वाचलं, परत वाचलं.

"हे मी लिहिलं होतं?"

"सांगितलं होतंत."

"चांगलं आहे."

"हो, साहेब. चांगलं होतं."

"बस, एवढं पुरे. खाली तुमची अक्षरं घाला आणि तेव्हाची तारीख."

"निकाल उघड वाचल्याशिवाय निकाल होत नाही," बाई म्हणाल्या. "नव्या न्यायाधीशांना तुम्हीच शिकवायचात. पक्षकारासमोर, मोठ्याने."

साहेब हसले. "इथे कुठला आलाय पक्षकार?"

"दाराशी बसलाय. अर्जदार क्रमांक सत्तेचाळीस. आज त्याचा एकोणनव्वदावा दिवस आहे."

साहेबांनी मान वळवून पाहिलं. दाढी केलेला माणूस, मांडीवरची पिशवी, घट्ट बांधलेल्या नाड्या. हे सगळं त्यांनी अर्जाच्या पानांत वाचलेलं होतं. समजायला त्यांना वेळ लागला नाही, ते हुशार होते.

"तुमचे कोण?"

"धाकटा भाऊ."

"म्हणजे तेव्हा... दोन्ही निकाल तुम्ही..."

"दोन्ही."

"बोलला नाहीत कधी."

"सांगणारा सांगत असताना लघुलेखकाने बोलायचं नसतं, साहेब. वाचा."

तो शब्द त्यांनी साहेबांच्याच सुरात म्हटला. साहेब काठी टेकून उभे राहिले. नाही म्हणता आलं असतं, पण कागद हातात होता आणि सोमवार जवळ आला होता. ते धाकट्यासमोर गेले. धाकटा लगेच उठला, पिशवी डाव्या हातात घेतली आणि टाचा जुळवल्या.

पहिले दोन शब्द पुटपुटल्यासारखे निघाले. मग सवयीने आवाज लागला. "नव्वद दिवस हे माणसाच्या आयुष्यातले दिवस आहेत. कागद बदलला म्हणून ते परत पहिल्यापासून मोजता येणार नाहीत. राज्यघटनेने शासनाच्या हाती दिलेली मुदत ही मर्यादा आहे, ती सवलत नव्हे. ती संपल्यावर माणसाला एक तासही अडकवून ठेवणे हा शासनाने केलेला अपराध ठरेल. सबब, सर्व अर्जदारांना आजच्या आज मुक्त करण्यात यावे."

बाई धाकट्याच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. साहेब खाली मान घालून उभे होते आणि बाईंना जे पाहायचं होतं ते झालं होतं. पण धाकट्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. तो कागदाकडे वाकला, खालचा डावा कोपरा त्याने निरखून पाहिला.

"इथे ताईची अक्षरं नाहीत," तो नम्रपणे म्हणाला. "खऱ्या निकालाला इथे ताईची दोन अक्षरं असतात."

बाईंच्या हातातली पेन्सिल घरंगळली आणि मशीनखाली गेली.

साहेबांनी खाली पाहिलं, वर पाहिलं, आणि कागद बाईंपुढे धरला. "घाला, बाई."

बाईंना सगळं एकदम कळलं. अक्षरं घातली तर या माणसाच्या हाती तेच पडणार होतं जे न्यायला तो आला होता. नाही घातली तर धाकटा संध्याकाळी उठून भिंतीकडे तोंड करून झोपणार होता.

त्यांनी दुसरी पेन्सिल घेतली, कागद मशीनवर ठेवला आणि डाव्या कोपऱ्यात दोन अक्षरं घातली. तारीख आजची घातली. साहेबांनी हात पुढे केला. बाई त्यांना ओलांडून गेल्या आणि कागद धाकट्याच्या हातात दिला.

धाकट्याने कोपरा पाहिला. कागदाची चौघडी करून तो खिशात ठेवला आणि वरून हात फिरवला.

"बाई, तो मला..."

"पहिली प्रत अर्जदाराची, साहेब. कैद्याच्या हातून कागद काढून घेता येत नाही."

"मग मला दुसरी करून द्या."

"दुसऱ्या प्रतीला न्यायाधीशांचा आदेश लागतो. तुम्ही आता न्यायाधीश नाही."

साहेबांनी टोपी घेतली. या वेळी खुर्ची आडवी नव्हती, दार पूर्ण उघडं होतं. बाईंनी जिन्यावरची काठी ऐकली. उतरतानाही ती दर पाचव्या पायरीवर थांबत होती, पण बाईंनी या खेपेला मोजलं नाही.

त्या वळल्या तेव्हा धाकटा पिशवी रिकामी करत होता. टॉवेल दोरीवर गेला, साबण न्हाणीघरातल्या फळीवर गेला. दुपारचे साडेतीनही वाजले नव्हते. तो सदऱ्याची घडी नीट करत उभा राहिला. बाईंनी अकरा वर्षं ज्या माणसाचा हिशेब चुकता करायचा म्हणून धुमसत काढली, तो जिना उतरून गेला होता, आणि आता खोलीत त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं.

"तुला कधीपासून माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून." त्याने सदऱ्याची बाही सरळ केली. "प्रत्येक नव्या आदेशाला तो निकाल जोडलेला असायचा. तेरा वेळा दिला मला. दुसरं काही वाचायला नसायचं, म्हणून दर वेळी सगळा वाचायचो, पहिल्या पानापासून."

बाई मशीनखाली गेलेली पेन्सिल उचलायला वाकल्या.

"एकही चूक नव्हती, ताई," धाकटा म्हणाला, आणि सदरा कपाटात ठेवायला आत गेला.